पाया पडून मारणारा

भिला मास्तर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा दहा मिनिटांच्या आत त्याने स्वतःच्याच कानफटात मारून घेतली. तीही आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. आवाज असा सणसणीत आला की व्हरांड्यातला शिपाई धावत आला.

"गाल लाल झाला का, बाई?" त्याने विचारलं.

"नाही."

"पण आवाज आला?"

"आला की! अहो, शाळा आहे ही."

"मंग हाऊच आमचा धंदा," म्हणत तो हसला. त्याने गालावर मारलीच नव्हती. गालाजवळ धरलेल्या दुसऱ्या तळव्यावर मारली होती. सत्तावीस वर्षं पोरांची सोंगं ओळखण्यात घालवलेली मी बाई, दोन फुटांवर बसलेल्या माणसाकडून फसले. मला रागच आला. मग हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी अडकले.

आमची शाळा सुरतेतल्या बमरोलीतली, मराठी माध्यमाची. सगळी पोरं मिलमधल्या आणि लूमवरच्या खानदेशी कामगारांची. घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती, आणि पेपरात मराठी लिहायची वेळ आली की तोंडात बोट. अशा शाळेत मी मराठी शिकवत होते. भिला मास्तर आला होता तो सिनेमाचे संवाद लिहून मागायला. सिनेमाचं नाव 'बिननंबरी'. कडोदऱ्याच्या हायवेवर नंबरप्लेट नसलेल्या मोटारसायकली फिरवणारी दहा जणांची टोळी, तिची दहशत, तिच्या हाणामाऱ्या.

"अहो, मी व्याकरण शिकवते. शिव्या नाही," मी म्हटलं.

"शिव्या आम्ही टाकू, बाई. तुम्ही फक्त जागा सोडा."

आता अशा माणसाला काय बोलायचं!

तो रंगाईच्या मिलमध्ये जेट मशीनवर होता. उकळत्या रंगाच्या पाण्यात कापड फिरवणारी ती मशीन. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा चकाकता डाग होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, मान जाड, कान चुरगळलेले. अमळनेरकडच्या गावात तरुणपणी आखाड्यात घुमलेला. सुरतेत खानदेशी गाण्यांचे आणि विनोदी नाटुकल्यांचे व्हिडिओ निघतात, त्यांतली मारामारी हा बसवून द्यायचा, म्हणून लोक त्याला फाइट मास्तर म्हणायचे. पूर्ण सिनेमा तो पहिल्यांदाच काढत होता. मिलच्या सुट्टीच्या दिवशी शूटिंग, कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दिनेशचा, आणि कलाकार सगळे मिलमधले.

"गोष्ट कुठली?" मी वही उघडत विचारलं.

"गोष्ट मना भाऊनी शे," तो म्हणाला. त्याचं हसू गेलं. "रतन. बमरोलीच्या नाक्यावर एका टोळक्याच्या मोटारसायकलीला त्याचा धक्का लागला. नुसता आरसा घासला, बाई. चौघांनी उतरून साखळीनं मारला. भर दिवसा. तिसऱ्या दिवशी गेला. कागदावर अपघात लिहिलंय. नाक्यावर शंभर माणूस होतं, आणि कोन्हीच पाह्यलं नही."

माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं.

आता आडपडदा न ठेवता सांगते, कारण यापुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मी पाहिलं होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेअरच्या शटल रिक्षात होते. नाक्यावर गाड्या अडल्या होत्या. रिक्षाच्या डाव्या बाजूने बघितलं तर निळ्या शर्टातला एक जण गुडघ्यावर बसलेला होता आणि त्याच्या तोंडावर साखळी पडत होती. चौथ्या का पाचव्या फटक्याला तो आडवा झाला, तरी ते थांबले नाहीत. एकाने त्याच्या डोक्यावर पाय दिला. त्या माणसाचा चेहरा मी स्पष्ट बघितला. पिवळं जाकीट, कपाळावर तिरकी खूण. त्याला सगळी वस्ती जग्या म्हणून ओळखायची. रिक्षावाला म्हणाला, "बाई, खाली बघा." आणि मी खाली बघितलं. पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. रिक्षा हलेपर्यंत मी तेवढंच करत होते. पेपरात अपघात छापून आला तेव्हा तो अंक मी रद्दीत सगळ्यात खाली ठेवला.

दोन वर्षांनी त्याच माणसाचा भाऊ माझ्यासमोर बसून माझ्याकडे संवाद मागत होता. मी हो म्हटलं. का म्हटलं? लाज, दुसरं काय. वाटलं, चार वाक्यं लिहून द्यावीत आणि मोकळं व्हावं. एवढी अक्कल मला कुठून सुचली देव जाणे.

मोकळी कसली होते! पहिल्याच रविवारी मास्तरने मला शूटिंगला बोलावलं, हातात हजेरीसारखी लांब वही दिली आणि सांगितलं, "कोण कुठे उभा, कोणाच्या कुठल्या गालाला रक्त, कोण काय बोललं, सगळं लिहायचं. वेळ टाकून. तुम्हना अक्षर चांगलं शे." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणी मला इतकं नेमकं काम दिलं नव्हतं.

त्याची ती खतरनाक टोळी म्हणजे काय सांगू! दहाही जण साडीच्या पार्सलवाले. बाकी दिवस मोटारसायकलीवर मागे डोंगराएवढे साड्यांचे गठ्ठे बांधून मार्केटात फिरणारे. रविवारी काळे बनियन घालून, तोंडाला फडकी बांधून यायचे आणि हँडलला जेवणाचा डबा लटकलेला. मास्तर ओरडायचा, "अरे भो, लुटारूच्या गाडीला डबा रे कसाले?" शूटिंगआधी सगळ्यांच्या नंबरप्लेटी पान्याने काढून एका गोणीत टाकायच्या, संध्याकाळी परत लावायच्या. एकदा घाईत दोघांच्या प्लेटी एकमेकांच्या गाड्यांना लागल्या आणि सोमवारी दोघांनाही चोरीच्या गाड्या चालवतात म्हणून पोलिसांनी धरलं. मास्तर मिलमधून अर्धी पाळी टाकून गेला, साहेबांपुढे हात जोडले. त्या दिवसापासून प्लेटी माझ्या वहीत नोंदवून घ्याव्या लागायच्या. विसाव्या शतकातले कवी शिकवणारी मी बाई मोटारसायकलींचे नंबर लिहीत बसायची.

पण मारामारी सुरू झाली की हसणं संपायचं. इच्छापोरच्या एका बंद शेडमध्ये त्याने सायकलच्या साखळीची फाइट घेतली. साखळी रबराची, काळी रंगवलेली, पण तो ती अशा काही जिद्दीने फिरवायचा की हवा चिरल्याचा आवाज कानात घुसायचा. समोरच्याचं डोकं पत्र्यावर आपटायचं, त्याला केसांना धरून लादीवरून ओढायचं, आणि तोंडातून लाल धार. एका फाइटीत त्याने गड्याचं बोट शटरमध्ये चिरडताना दाखवलं. बोटाच्या जागी गाजर होतं हे मला माहीत होतं, कारण ते वहीत मीच लिहिलं होतं, तरी मी तोंड फिरवलं. रक्त म्हणजे मिलमधला लाल रंग आणि साखरेचा पाक. तो रंग कापडासाठी बनवलेला, कातडीवरून आठ-आठ दिवस जायचा नाही. बुधवारी बाजारात एखाद्याचा गुलाबी गाल दिसला की ओळखायचं, हा रविवारी मेलेला.

त्याचे तीन नियम होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची हिंमत कुणाची नव्हती.

पहिला, मारणाऱ्याने आधी मार खाणाऱ्याच्या पाया पडायचं. आखाड्यातून आणलेली सवय, पण त्याने ती आपल्या पद्धतीने पक्की केली होती. मोठा असो, लहान असो, वाकायचं, दोन्ही पावलांना हात लावायचा, मग उठून लाथ घालायची. "ज्याला आपल्यामुळे मार बसणार, त्याची आधी माफी मागायची. मागाहून मागितलेली काय कामाची?" तो म्हणायचा.

दुसरा, फाइट थांबवायचा अधिकार फक्त त्याचा. तो 'बस' म्हणेपर्यंत कोणी थांबायचं नाही आणि मधे पडायचं नाही. 'कट' हा शब्द त्याला आवडत नसे.

तिसरा नियम मला फार लागायचा. फाइट संपली की तो मार खाल्लेल्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचा आणि विचारायचा, "नाव सांग. बापाचं सांग. गाव सांग." तिन्ही नीट सांगितलं की गालावर थाप मारून सोडायचा. हे कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "दवाखान्यात रतनला डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. त्याला सांगता नाही आलं." मी वहीत डोकं घातलं.

संजू नावाचा एक पार्सलवाला होता, अंगाने आडदांड, डोक्याने तापट. एकदा त्याने पाया न पडताच ठोसा लगावला आणि समोरच्या गड्याचं नाक खरंच फुटलं. भळाभळा रक्त. मास्तर आधी त्या गड्याकडे गेला, नाव, बाप, गाव विचारलं, डोकं मागे न टाकता पुढे झुकवून नाक दाबून बसवलं. मग संजूकडे वळला. मला वाटलं आता हा त्याला बदडणार. पण तो संजूपुढे वाकला, दोन्ही पावलांना हात लावला आणि उठून उभा राहिला.

"मास्तर, नको," संजू रडवेला झाला. "मारा पण पाया नका पडू."

"मंग आते समजलं का, तू काय विसरला ते?"

संजूने नाक फुटलेल्याचे पाय धरले ते सोडीचना. शूटिंग त्या दिवसापुरतं बंद. परत येताना मास्तर मला म्हणाला, "बाई, आवाज ऐकला का त्या ठोशाचा? खऱ्या माराला आवाज नसतो. ओल्या कापडाच्या गाठोड्यावर हात मारल्यासारखा येतो. लोकांच्या कानाले पटत नही, म्हणून सिनेमात वरून घालायचा." मला नाक्यावरची साखळी आठवली. खरंच, तिचा आवाज मला रिक्षात आलाच नव्हता. मी त्याला सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर चहा घेणार का.

असे आठ महिने गेले. अकरा फाइटी झाल्या. प्रत्येक रविवारी मी ठरवून जायची, आज सांगायचं. प्रत्येक रविवारी तशीच परत यायची. घरी ह्यांना सांगितलं तर ते बँकेतून रिटायर झालेले, सगळं सुरळीत हवं असलेले. म्हणाले, "तुझं एक वर्ष राहिलंय पेन्शनीत जायला. त्या लोकांची घरं आपल्या रस्त्यावर आहेत. सिनेमा लिही, बाकी गप्प राहा."

शेवटची फाइट राहिली होती, भावाच्या खुनाची. ती मास्तर बमरोलीच्या नाक्यावर घेणार होता, त्याच जागी, त्याच वेळेला, आणि रतनची भूमिका स्वतः करणार होता. वस्तीत ही बातमी त्याने मुद्दाम पसरवली. सलूनमध्ये सांगितलं, पानटपरीवर सांगितलं, जग्याच्या गल्लीतल्या गॅरेजात जाऊन सांगितलं. खलनायकाला पिवळं जाकीटही शिवून घेतलं. मला वाटलं, याला वेड लागलं.

त्या दिवशी तो निळा शर्ट घालून आला. सगळ्यांना म्हणाला, "आज नवीन माणसं येतील. आली की आपण बाजूला व्हायचं." दिनेशला म्हणाला, "काहीही झालं तरी कॅमेरा बंद करू नको." दिनेशला हे सांगायची गरजच नव्हती. लग्नात हार घालताना चुकलं तर परत घालत नाहीत, म्हणून तो कॅमेरा नेहमी पाच मिनिटं आधी सुरू करायचा आणि पाच मिनिटं उशिरा थांबवायचा. मग मास्तर माझ्याकडे आला. "बाई, आज जे ऐकू येईल ते लिहा. तुम्ही लिहिलेलं नसलं तरी. वेळ टाकून."

मला तेव्हाही कळलं नाही. इतकी कशी मी मठ्ठ!

नाक्यावर दोन-अडीचशे माणसं जमली होती. खिडक्या भरल्या, गच्च्या भरल्या, सगळ्यांच्या हातात मोबाइल. दोन मोटारसायकली आल्या, बिननंबरच्या. चौघे उतरले. पुढे पिवळं जाकीट, कपाळावर तिरकी खूण. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी ओरडलं, "एकदम ओरिजिनल लाया है मास्तर!"

जग्या सरळ भिला मास्तरपर्यंत चालत गेला. मास्तर हात खाली सोडून उभा होता. मी वहीत वेळ लिहिली आणि सवयीने वर बघितलं, की आता हा वाकणार. तो वाकला नाही. त्याच्या बाहीतून सळई निघाली आणि मास्तरच्या गुडघ्यावर बसली.

आवाज आला नाही. ओल्या गाठोड्यावर हात मारल्यासारखं काहीतरी झालं, आणि मास्तर खाली बसला.

लोक टाळ्या वाजवत होते. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा बरगडीत. एकाने मागून केस धरले, दुसऱ्याने तोंडावर बूट घातला. जबडा एका बाजूला सरकलेला मला दिसला. रक्त आलं ते गडद होतं, मिलच्या रंगासारखं टवटवीत लाल नव्हतं. मी उठले. खुर्ची पडली. ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात मास्तरने जमिनीवरून माझ्याकडे बघितलं. एक डोळा मिटलेला होता. त्याने उजवा हात थोडासा उचलला आणि बोटं हवेत हलवली. लिहा.

आणि मी लिहायला लागले. देवा शपथ सांगते, माणूस माझ्यासमोर ठेचला जात होता आणि मी उभ्या उभ्या लिहीत होते. अक्षर वेडंवाकडं झालं. पहिल्यांदा मी पर्सकडे बघितलं होतं, या वेळी वहीकडे बघणार नाही असं ठरवून मी वर बघून लिहीत होते.

मास्तर तोंडातलं रक्त थुंकून काहीतरी म्हणाला. भावाचं नाव घेतलं असावं. जग्या भडकला, त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला, "तेरे भाई को इधरीच गिराया था ना? आज तू भी इधरीच गिरेगा!"

मी ते शब्द न शब्द लिहिले. मास्तरने डोळा मिटला.

सळई परत वर गेली तेव्हा गर्दीतून संजू सुटला. "पाया नाही पडला तो!" असं किंचाळत तो धावला. "खरं मारतोय रे! पाया नाही पडला!" सळई संजूच्या खांद्यावर बसली, तरी त्याने जग्याला मिठीच घातली. मग ते दहा लुटारू, डबेवाले, पार्सलवाले सगळे धावले. चौघे एक मोटारसायकल तिथेच टाकून पळाले. टाळ्या कधी थांबल्या ते मला आठवत नाही.

मी रस्त्यावर बसून मास्तरचं तोंड दोन्ही हातांत धरलं. माझी बोटं चिकट झाली होती. "भिलाजी, नाव सांगा," मी म्हटलं.

"रतन," तो म्हणाला.

"तुमचं नाव सांगा हो."

"रतन," तो परत म्हणाला. "लिहिलं का?"

जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तीन बरगड्या, गुडघ्याची वाटी. दातांना तारा बांधल्या. महिनाभर तो नळीतून डाळीचं पाणी पीत होता. माझ्या साडीवर पडलेलं त्याचं रक्त एका धुण्यात निघून गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

जग्या पकडला गेला आणि रतनची फाइल पुन्हा उघडली. पण त्याच्या वकिलाने पहिल्या दिवसापासून एकच लावून धरलं. हा सिनेमा आहे. पिवळं जाकीट सिनेमातलं, टोळी सिनेमातली, आमच्या माणसाला कामाला बोलावलं होतं. मारताना जरा जास्त लागलं. आणि ते वाक्य? तो तर संवाद. लिहून दिलेला.

संवाद लिहिणारी मी. म्हणजे तो माझा नाही हे सांगणारीही मीच.

मी दवाखान्यात गेले. तारा निघाल्या होत्या, तरी तो दातांमधूनच बोलायचा. मी स्टूलवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. रिक्षा, निळा शर्ट, पर्सची चेन, सगळं. रडले, नाक पुसलं, परत रडले.

"माहीत शे, बाई," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"रतन गेल्यावर मी या रस्त्याचा प्रत्येक रिक्षावाला विचारला. एक म्हणाला, मराठी शाळेतली बाई होती, चष्मेवाली. सगळं बघितलं तिनं." त्याने जबडा हाताने धरला, दुखत असावं. "म्हणून तर शाळेत आलतो. संवाद काय, कोन्हीबी लिहितं."

म्हणजे माझं शुद्ध मराठी बिराठी काही नव्हतं! मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. "मग आठ महिन्यांत एकदा विचारता आलं नाही तुम्हाला? हाडं मोडून घेईपर्यंत थांबलात?"

"विचारलं असतं तर तुम्ही बदली मागून घेतली असती," तो म्हणाला.

घेतलीच असती. दुसऱ्या दिवशी मी पोलिसांत जाऊन रतनच्या वेळचं सगळं जबाबात लिहून दिलं.

कोर्टात माझी तारीख लागली त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या दाराशी एक मोटारसायकल सलग तीन दिवस येऊन उभी राहायची. प्लेट नव्हती. तिसऱ्या दिवशी खिडकीची काच फुटून दगड आत आला. ह्यांनी कुरकुरत काचा गोळा केल्या. पण सकाळी माझी वही त्यांनीच पिशवीत भरून ठेवली.

कोर्टाच्या जिन्याशी भिला मास्तर उभा होता. कुबडी, वाकडा झालेला जबडा, धुतलेला पांढरा शर्ट. मला बघून त्याने कुबडी भिंतीला टेकवली. मला वाटलं काही बोलणार आहे. तो एक गुडघा ताठ ठेवून, कठड्याला धरून हळूहळू खाली वाकला. मोडलेल्या बरगड्यांचा त्याला किती त्रास होत होता ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने माझ्या दोन्ही पावलांना हात लावला.

मी मागे सरले नाही. त्याच्या नियमाचा अर्थ मला चांगला माहीत होता. आता मार मला बसणार होता.

आत गेले. कारकुनाने नाव विचारलं. मी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, न विचारता वडिलांचं आणि गावाचंही सांगितलं.

बचावाच्या वकिलाने वही हातात घेऊन गोड आवाजात विचारलं, "बाई, या सिनेमाचे सगळे संवाद तुमचेच ना?"

"सगळे माझे. हे एक वाक्य सोडून. हे मी ऐकून लिहिलंय, वेळ शेजारी आहे."

"सिनेमात मारामारी तर रोजच होत होती."

"अकरा झाल्या. सगळ्यांचं शूटिंग आहे, लावून बघा. प्रत्येकात मारणारा आधी पाया पडतो. एकदाच एक जण विसरला, तर त्या दिवशी शूटिंगच बंद पडलं. या माणसाने पाय धरले नाहीत."

वकील हसला. मग माझ्यावर जे काय बरसला! मुलांना शिकवायचं सोडून शिव्या लिहिते, कामगारांबरोबर रविवार घालवते, नवऱ्याला चालतं का, चष्म्याचा नंबर किती, एवढी वर्षं झोपली होती का. प्रत्येक प्रश्न बरोबर जागेवर बसत होता, आणि शेवटचा तर खराच होता. पिंजऱ्यातून जग्या माझ्याकडे एकटक बघत होता.

"झोपले नव्हते," मी म्हटलं. "घाबरले होते. मी रिक्षात होते. निळ्या शर्टातला माणूस गुडघ्यावर होता. साखळी ह्याच्या हातात होती. खाली पडल्यावर डोक्यावर पाय दिला तोही ह्यानेच. मी पाहिलं."

टाइप करणारी मुलगी थांबून माझ्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. दातांमधून, अर्धवट, पण स्पष्ट.

"बस."

शिपाई वसकन त्याच्या अंगावर गेला, "ए, कोर्ट आहे हे, चूप!" भिला मास्तरने मान डोलावली, दोन्ही हात जोडले, कुबडी काखेत घेतली आणि पाय ओढत दाराबाहेर गेला. त्याच आठवड्यात तो बायको-मुलांना घेऊन गावी निघून गेला असं मला संजूने सांगितलं. मी मात्र त्या वेळी साक्षीच्या कठड्यात उभीच राहिले, कारण वकिलाचे प्रश्न अजून संपले नव्हते.